पाट मागायला गेलो होतो

देव दयाळू आहे, हे वाक्य मी आयुष्यात कधी तपासून पाहिलं नव्हतं. शाळेत मराठी शिकवलं, शाळेचं ग्रंथालय सांभाळलं आणि निवृत्त झाल्यावर रोह्याच्या घरी सकाळी पूजा, दुपारी वाचन असा दिवस लावून घेतला. पूजेत मी काही मागत नसे. आहे ते असंच राहू दे, एवढंच मनात असायचं, आणि तेही मागणंच आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आमची मुलगी गेली तेव्हा ते वाक्य मी पहिल्यांदा नीट उलटंपालटं करून पाहिलं. ते मला धरवेना.

मुक्ता आमची एकुलती एक. लग्न व्हायचं होतं. धाटावला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. श्रावण संपत आला होता. पहिली शिफ्ट करून ती दुपारी घरी आली, अंगणात स्कूटी लावली, डोकं दुखतंय म्हणाली आणि आईला चहा टाकायला सांगून आडवी झाली. चहा झाला तेव्हा तिला हाक ऐकू येत नव्हती. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी मला बाजूला बसवून सांगितलं की ती जागा जन्मापासूनच नाजूक असणार, कुणाच्या लक्षात येण्यासारखी नव्हती, आणि याहून लवकर आणलं असतं तरी काही हाती लागलं नसतं. माझ्या मनावरचं ओझं कमी व्हावं म्हणूनच ते हे बोलले. पण घरी परतताना मला उमगलं की आता दोष द्यायला माणूसच उरलेला नाही. कुणी हयगय केली नव्हती, कुणी चुकलं नव्हतं. उरला तो एकच, ज्याची मी रोज सकाळी पूजा करत होतो.

भेटायला येणारे आपापल्या परीने धीर देत होते. चांगल्या माणसांची देवालाही गरज असते, असं एक शेजारी म्हणाले. मी मान हलवली. मनात आलं, ज्याच्याकडे सगळंच आहे त्याला आमच्या घरातलं हे एकच माणूस कशाला लागलं असेल? कुणी गेल्या जन्माचं बोललं, कुणी परीक्षेचं. मी कपाटातली पुस्तकं काढून बसलो. प्रवचनं वाचली, टीका वाचल्या, जुन्या खुणा घातलेली पानं पुन्हा वाचली. उत्तरं तिथे होती आणि ती देणारे माझ्याहून फार मोठे होते. आत्मा मरत नाही, हे मी वाचलं आणि ते खोटं असेल असं मला वाटलं नाही. पण मुक्ता मला आत्मा म्हणून माहीत नव्हती. मला माहीत होती ती जिन्यावर चपला वाजवत येणारी, भाजीतली मिरची काढून गुपचूप माझ्या ताटात ठेवणारी. तिच्याबद्दल त्या पुस्तकांत काहीच नव्हतं.

सुतकात पूजा बंद होती, ती नंतरही सुरू झाली नाही. मी तसं जाहीर केलं नाही, सकाळी देवघराकडे पाय वळत नव्हते एवढंच. आमची ही संध्याकाळी दिवा लावायची आणि माझ्याकडे न बघता आत जायची. आम्ही दोघं त्या दिवसांत फार कमी बोलत होतो.

आमचा गणपती पेणजवळच्या हमरापूरचा. हिचं माहेर पेणचं, त्यामुळे तिकडची पद्धत तिच्याबरोबर आमच्याकडे आली. घरचा लाकडी पाट आषाढात कारखान्यात नेऊन द्यायचा. मूर्तिकार त्याच पाटावर आपला गणपती बसवतात, आणि चतुर्थीच्या तोंडावर आपण आपला पाट ओळखून देव घरी आणायचा. आमच्या पाटाचा एक कोपरा जळका आहे. मुक्ता लहान असताना तिच्या हातून त्यावर उदबत्त्या कलंडल्या होत्या. त्या डागावरून शंभर पाटांत आमचा पाट सापडतो. त्या वर्षीही पाट तीच देऊन आली होती. मग ती गेली, चतुर्थी सुतकात आली, आणि आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच घरी गणपती आला नाही. शेजारी आरत्या झाल्या. त्यांनी आवाज बेताचा ठेवला होता, आणि त्या बेताच्या आवाजाचाच मला जास्त त्रास झाला.

सुतक फिटलं तेव्हा माझं मन ठरलेलं होतं. हमरापूरहून पाट परत आणायचा, माळ्यावर टाकायचा, आणि या घरात गणपती पुन्हा आणायचा नाही. ज्याने न विचारता आमची पोर नेली, त्यालाच पाटावर बसवून मोदक वाढायचे, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. हिला मी एवढंच सांगितलं की पाट घेऊन येतो, यापुढे आपल्याकडे नको. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. मग ती म्हणाली, "जायचंच असेल तर उद्या जा."

उद्याच का, हे मी विचारलं नाही. कॅलेंडर बघायचं मी सोडून दिलं होतं.

सकाळी तिने कापडी पिशवी दाराशी ठेवली होती. आत तळाला काहीतरी कापड घडी करून ठेवलेलं होतं. पाट गुंडाळायला असेल, असं समजून मी ते उघडून पाहिलं नाही. पेणच्या रामवाडी स्टँडला एसटीतून उतरलो आणि टमटमने हमरापूर गाठलं. चतुर्थीआधी त्या गावात पाय ठेवायला जागा नसते. आता शेड रिकाम्या होत्या, ओट्यांवर रंगांचे ओघळ वाळले होते, आणि गाव थकून बसल्यासारखं दिसत होतं. पण काही घरांच्या दारांत ताज्या रांगोळ्या होत्या आणि कुठूनतरी तळणाचा वास येत होता. मला त्याचा अर्थ लागला नाही.

आमचा कारखाना म्हणजे घराच्या पडवीला लागून काढलेली पत्र्याची लांब शेड. कारखाना बघणाऱ्या वहिनी आम्हाला वर्षानुवर्षं ओळखतात. त्यांनी मला पाहिलं, हातातलं काम ठेवलं, खुर्ची पुढे केली. मुक्ताचं त्यांना कळलं होतं. त्यांनी पाणी आणून दिलं. मग म्हणाल्या, "बरं झालं आज आलात. सकाळपासनं वाट बघतो. म्हटलं, साखरचौथीला तरी सर येतील."

तेव्हा मला उलगडा झाला. त्या दिवशी भाद्रपदातली वद्य चतुर्थी होती. पेणच्या बाजूला तिला साखरचौथ म्हणतात. सुतकामुळे किंवा आणखी काही अडचणीमुळे ज्यांच्याकडे ठरल्या दिवशी गणपती येऊ शकला नाही, त्यांच्याकडे तो या दिवशी येतो. लोकांचे गणपती करण्यात ज्यांना स्वतःचा आणायला सवड मिळत नाही, त्या मूर्तिकारांच्या घरीही तो याच दिवशी बसतो. पितृपक्ष चालू असतो, इतर शुभकार्यं बंद असतात, आणि अशा दिवसांत हा येतो. रोह्याला हे आम्ही ऐकून होतो. आमच्यावर तशी वेळ कधी आली नव्हती.

मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "वहिनी, मला फक्त पाट पाहिजे."

 वहिनी शेडच्या कोपऱ्यात गेल्या आणि एका मूर्तीवरचं प्लास्टिक बाजूला केलं. आमचा पाट होता, जळका कोपरा पुढे करून ठेवलेला. त्यावर गणपती बसलेला होता. पितांबर रंगवून झाला होता, सोंडेवरची नक्षी झाली होती. डोळ्यांच्या जागा मात्र कोऱ्या होत्या.

"पाट कसा देऊ, सर? तो बसलाय ना त्यावर."

मी म्हणालो, उतरवता येईल की. त्या म्हणाल्या, शाडूचा आहे, ओल्या मातीने पाटाला धरवलेला आहे, आता काढायला गेलं तर बुडातून तडकेल. मी गप्प राहिलो. माझं गप्प राहणं म्हणजे तडकू दे, असंच होतं, आणि ते त्यांना कळलं असावं. आतल्या बाजूला त्यांच्या सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सुनेला सांगितलं, "त्यांना सांग गो, आपल्यात करतात, मोडत नायत. घरी न्या म्हणावं. पाण्यात सोडला का पाट सुटतोच."

 निदान हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी पिशवी उघडली आणि तळाचं कापड बाहेर काढलं. ती मुक्ताची ओढणी होती. निळी, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची. देव घरी आणताना वाटेत त्याचं तोंड झाकून आणतात. दरवर्षी मुक्ता तिचीच ओढणी काढून द्यायची आणि बसमध्ये ती सरकू नये म्हणून एक टोक मुठीत धरून बसायची. हिला तिथी माहीत होती. हिने मला पाटासाठी पाठवलंच नव्हतं.

 वहिनींनी ओढणी ओळखली असणार.  त्यांनी पाण्यात ब्रश बुडवून टोक केलं आणि मूर्तीसमोर मांडी घालून बसल्या. डोळे आधीच का आखले नाहीत, असं मी विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून. त्या म्हणाल्या, "तुम्ही येणार का नाय, ठाऊक नव्हतं. उघड्या डोळ्यांनी किती वाट बघायला लावायची त्याला?"

इतकी वर्षं आम्ही तयार गणपती आणत आलो होतो, डोळे आखताना मी कधी पाहिलं नव्हतं. पहिला डोळा झाला तेव्हा समोर मूर्तीच होती. दुसऱ्यात काळी बाहुली भरली आणि कुणीतरी माझ्याकडे बघतंय असं मला वाटलं. मी याला चमत्कार म्हणत नाही. हात कसलेला असला की असं होतच असेल. पण मुक्ता गेल्यापासून जो तो माझ्याकडे बघायचा आणि लगेच नजर वळवायचा. इथे नजर वळली नाही. मी ओढणी पुढे केली. मीच त्याचं तोंड झाकलं.

रामवाडीहून रोह्याची गाडी मिळाली. मी पाट मांडीवर घेऊन बसलो. वडखळपर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा, आणि प्रत्येक धक्क्याला मी मूर्ती छातीशी धरत होतो. खिडकीशी माझ्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. रोह्याजवळच्या एका खेड्यातल्या, भात आणि वाल करणाऱ्या घरच्या, पेणला लेकीकडे जाऊन परत निघालेल्या. काही वेळ त्यांनी माझी धडपड पाहिली आणि म्हणाल्या, "द्या हिकडं. तुमचे हात कापतात."

मी दिला. त्यांनी पदर खोचला आणि अंगावरच्या मुलाला घ्यावं तसा पाट मांडीवर घेतला. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि हसून म्हणाला, "मावशी, याचं हाफ का फुल?" बाई म्हणाल्या, "माझं काढ आधी. त्याचं त्यालाच विचार, तू विचारलंस तर सांगेल." पुढच्या सीटवरचे दोघे हसले. मलाही हसू आलं. मुक्ता गेल्यानंतरचं ते पहिलं, आणि ते आल्याचं मला वाईट वाटलं.

नागोठणं मागे पडल्यावर त्यांनी ओढणीला हात लावला. पोरीची का, म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. सासरी असते का, म्हणाल्या. मी सांगितलं, गेली, श्रावणात. त्यांनी पाटाखालचा हात जरा आणखी आत सरकवला.  मग म्हणाल्या, "माझा मधला गेला. गणपतीच्या तोंडावर, भातातलं तण काढताना वीज पडली. मी त्याच्या बाजूलाच होते. मला काय नाय झालं."

मला जे पुस्तकांना विचारून झालं होतं, ते मी त्या अनोळखी बाईला विचारलं. देवाचा राग नाही आला?

"आला की. शिव्या घातल्या त्याला."

"आणि गणपती?"

"त्या साली पण आणला, साखरचौथीला. माणसं नको म्हणत होती. म्हटलं, शिव्या द्यायला तरी समोर नको का कोण?"

मी विचारलं, मग पुढे काय केलंत?

"पुढं काय? मोदक दिला. उपाशी ठेवू का त्याला?"

हे त्या अगदी सहज बोलल्या, घरातल्या एखाद्या हट्टी माणसाबद्दल बोलावं तसं. रोहा आलं. स्टँडवर धाटावच्या दुसऱ्या शिफ्टला निघालेल्या माणसांची घाई चालली होती. बाईंनी पाट माझ्या हातांत दिला, उजवा हात खाली घ्या म्हणाल्या, आणि त्यांच्या गावच्या गाडीकडे निघून गेल्या. मी नाव विचारलं नाही. त्या मला पुन्हा कधी भेटल्या नाहीत.

आमच्या दारात रांगोळी होती. ही तांब्या आणि मूठभर तांदूळ घेऊन उभी होती. तिने मूर्तीवरून ओवाळून टाकलं, माझ्या पायांवर पाणी घातलं, आणि ओढणी स्वतःच्या हाताने काढली. ती रडली नाही. गणपतीकडे बघून, कुणीतरी फार उशिरा घरी आल्यावर म्हणावं तसं, "या," एवढंच म्हणाली.

मी अंघोळ करून पूजेला बसलो. मंत्र तोंडपाठ होते, मन मात्र कोरडं होतं. साखरचौथीला चंद्र उगवेपर्यंत उपास असतो. ही स्वयंपाकघरात साखर-खोबऱ्याचे मोदक करत होती, आणि मी त्याच्यासमोर एकटा होतो. मग मी बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. ते पूजेत म्हणायचे शब्द नव्हते. इतके दिवस मी लोकांसमोर मान हलवत होतो, पुस्तकांतून खुणा करत होतो. ज्याला विचारायचं होतं त्यालाच विचारलं नव्हतं. मधे एकदा ही दारात येऊन उभी राहिली, थोडा वेळ ऐकलं आणि परत गेली. चंद्रोदय झाला तशी नैवेद्याचं ताट घेऊन आली.

"झालं बोलून?" तिने विचारलं.

मी झालं म्हणालो.

"मग वाढा त्याला."

मी ताट पुढे ठेवलं, पाणी फिरवलं. त्याने काही उत्तर दिलं नव्हतं. पण तो उठूनही गेला नव्हता. मी एवढं बोललो तरी तो तिथेच होता, जळक्या कोपऱ्याच्या पाटावर, मुक्ता त्याला जिथे बसवायची तिथेच.

जेवताना मी हिला विचारलं, मी खरंच नुसता पाट घेऊन आलो असतो तर? तिने माझ्या ताटात मोदक ठेवला आणि म्हणाली, "तर पाटाची पूजा केली असती."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं कुंडलिका नदीवर गेलो. पाऊस नव्हता, पाणी गढूळ होतं आणि संथ वाहत होतं. मी कमरेइतक्या पाण्यात उतरलो. मूर्ती दोनदा बुडवून वर काढली, तिसऱ्यांदा पाण्याखाली धरून ठेवली. थोड्या वेळाने बुडाची माती सैल झाली, मूर्तीचं ओझं माझ्या हातांतून हळूहळू निघून गेलं आणि पाट वर आला. रिकामा. मी हमरापूरला जे मागायला गेलो होतो तेच माझ्या हातात होतं. मी दगडासारखा उभा राहीन असं मला वाटलं होतं, पण मी त्या पाण्यात उभा राहून रडलो. हिने काठावरून हात दिला. नदीतली मूठभर वाळू पाटावर घेतली, आणि तशी ती घेऊन आम्ही घरी आलो. पाट मी माळ्यावर टाकला नाही.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मुक्ताला का नेलं, हे मला आजही कळलेलं नाही. आपण ज्याला इतक्या हौसेने आणतो त्याला आपल्याच हातांनी पाण्यात सोडतो, तसंच देवाचं नेणं असेल, असं कधी वाटतं. पण ते मला पुरतं पटत नाही. गणपती पुन्हा येतो. मुक्ता शाडूची नव्हती. म्हणून मी हे उत्तर म्हणून कुणाला सांगत नाही. मला एवढंच कळलं की देव चांगला आहे की नाही, हे मी माझ्या घरात काय राहिलं यावरून ठरवत होतो. त्या मोजणीत तो कधीच पुरा पडला नसता, कारण घरातलं सगळंच एक दिवस जाणार आहे, आम्ही दोघंही. आता मी मोजत नाही. मुक्ता ज्याच्याकडे गेली त्याच्याशीच बोलणं तोडलं असतं, तर तिच्या बाजूला उघडणारं आमचं एकच दार मी आतून लावून घेतलं असतं. ते लागू नये म्हणून कुणी ओढणीची घडी घातली, कुणी डोळे आखायचे ठेवले, कुणी बसमध्ये मांडी दिली. हे त्याने केलं की माणसांनी, याचा मी निवाडा करत नाही. दोघांपुढेही हात जोडतो.

आमच्याकडे तेव्हापासून गणपती साखरचौथीलाच येतो. आषाढात मी पाट घेऊन हमरापूरला जातो, आणि आणायच्या दिवशी ही न विसरता पिशवीच्या तळाशी निळी ओढणी ठेवते. धुऊन धुऊन तिचे ठिपके आता पुसट झाले आहेत. येताना बसमध्ये तिचं एक टोक मी मुठीत धरून बसतो. एरवी देवघरात रोजची पूजा पुन्हा सुरू झाली आहे. एखाद्या सकाळी मुक्ताच्या चपलांचा आवाज आठवतो आणि मी त्याच्यावर रागावतो, चांगला मोठ्याने. ही आतून ऐकते. मग माझं बोलून होतं, आणि मी उठून त्याला नैवेद्य दाखवतो.